सॅकची यादी: एकदा नीट करा, दर ट्रेकला वापरा

शुक्रवारी रात्री ऑफिसातून यायचं, माळ्यावरून सॅक काढायची आणि आठवेल तसं सामान कोंबायचं, ही सह्याद्रीत भटकणाऱ्या बहुतेकांची रीत. तिचा परिणामही ठरलेला: पाठीवर अकरा-बारा किलो ओझं, आणि तरी काडेपेटी घरीच. मग कुणीतरी यादी करायचं मनावर घेतं, पण तीही निघायच्या आदल्या दिवशी, कोऱ्या कागदावर. त्या वेळी प्रत्येक वस्तूबद्दल मन एकच सांगतं, ‘असू दे, लागली तर?’ आणि यादी वाढत जाते.

यादी करायची खरी वेळ ट्रेकहून परत आल्यावरची. त्या रात्री सॅकमधून जे बाहेर पडतं त्यातलं काय वापरलं, काय घडीसुद्धा न मोडता परत आलं आणि काय नव्हतं म्हणून अडलं, हे तिन्ही नेमकं आठवत असतं. दोन दिवसांनी नाही आठवत. म्हणून पुढची सगळी पद्धत परतलेल्या सॅकपासून सुरू होते. तुमची पहिलीच वेळ असेल तर खालची नमुना यादी घेऊन निघा आणि परतल्यावर ती आपली करून घ्या.

आधी काटा, मग कागद

स्वयंपाकघरातला पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा पुरतो. जमिनीवर जुनी चादर अंथरा, सॅक उलटी करा, सगळे कप्पे रिकामे करा, कमरपट्ट्याच्या खिशातले चिक्कीचे कागदसुद्धा. प्रत्येक वस्तू पाठीवर जशी असते तशीच काट्यावर ठेवा: स्लीपिंग बॅग तिच्या कव्हरसकट, हेडलॅम्प सेलसकट, औषधं पाऊचसकट. रिकामी सॅक काट्यावर ठेवली की आकडा झाकला जातो. आधी एक उपडं पातेलं ठेवा, काटा शून्यावर आणा आणि मग त्यावर सॅक ठेवा.

वजन कशासाठी, तर ‘हलकं’ हा अंदाज हाताला कळत नाही. जाड टर्किश टॉवेल आणि पंचा यांत तीन-चारशे ग्रॅमचा फरक असतो, हे काट्यावर ठेवल्याशिवाय पटत नाही. स्टीलच्या बाटलीचंही तसंच. एक लिटरची रिकामी स्टीलची बाटली पाण्याच्या साध्या प्लास्टिक बाटलीच्या दहापट वजनाची भरू शकते, आणि दोन्हींत पाणी तेवढंच मावतं.

आता रकाने पाडा. वही चालेल, पण फोनमधलं स्प्रेडशीट जास्त सोयीचं, कारण त्यात नको त्या ओळी लपवता येतात. सहा रकाने हवेत: वस्तू आणि नग, ग्रॅम, जोड, जागा, कोणाकडे, निकाल. ‘जोड’ आणि ‘निकाल’ म्हणजे काय ते पुढे येईलच.

पहिल्या रकान्यात नेमकं लिहा. वाणसामानाच्या यादीत कुणी नुसतं ‘डाळ’ लिहीत नाही, ‘तूरडाळ दोन किलो’ लिहितो. सॅकच्या यादीत मात्र ‘औषधं’, ‘कपडे’, ‘खाऊ’ असे शब्द सर्रास दिसतात, आणि घोटाळा तिथेच होतो. ‘औषधं’ या शब्दावर खूण केली की पाऊच सॅकमध्ये गेलेला असतो, पण त्यातलं क्रेप बँडेज मागच्या ट्रेकलाच संपलेलं असतं. म्हणून लिहायचं ते असं: पॅरासिटामॉल 500, सहा गोळ्या. सेटिरिझिन 10, चार गोळ्या. ओआरएस, एक लिटरची चार पाकिटं. क्रेप बँडेज 8 सेंमी, एक. चिकटपट्ट्या आठ. पोव्हिडोन आयोडीन मलम, छोटी ट्यूब. निर्जंतुक गॉझ दोन. कागदी चिकटपट्टी एक रीळ. त्याखाली स्वतःची रोजची औषधं, एक दिवस जादा धरून.

गोळ्यांची पट्टी कापून नेताना नाव आणि मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते ते टोक नेमकं घरी राहतं. मग गडावर कुणाच्या तरी हातात चार पांढऱ्या गोळ्या असतात आणि त्या कसल्या हे कुणालाच सांगता येत नाही. छापील टोक सॅकमधल्या तुकड्याला ठेवा, नाहीतर त्यावर मार्करने नाव आणि तारीख लिहा. मुदतीची तारीख यादीतही त्याच ओळीत टाका. ओआरएसबद्दल आणखी एक: एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत घालायचं नाही. द्रावण दुप्पट कडक होतं, मळमळतं, आणि पाण्याची तूट भरून निघायच्या ऐवजी वाढू शकते. छोट्या बाटल्या वापरत असाल तर 200 मिली पाण्यासाठीची लहान पाकिटं मिळतात, ती घ्या.

पाया आणि जोड

प्रत्येक ट्रेकला नवी यादी लागत नाही. दहातल्या सहा-सात वस्तू दर वेळी त्याच असतात. त्यांना ‘पाया’ म्हणू. बाकीच्या ऋतूनुसार आणि मुक्कामानुसार येतात-जातात, ते ‘जोड’: पाऊस, थंडी, ऊन, मुक्काम, स्वयंपाक. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक वस्तूसमोर यांपैकी एक शब्द लिहायचा. जानेवारीत हरिश्चंद्रगडावर मुक्काम असेल तर पाया, थंडी आणि मुक्काम हे तीन शब्द स्प्रेडशीटच्या फिल्टरमध्ये निवडायचे, बाकी ओळी आपोआप लपतात. बेरजेसाठी ‘सम’ (SUM) हे सूत्र न वापरता ‘सबटोटल’ (SUBTOTAL) वापरा, कंसात पहिला आकडा 9 आणि मग ग्रॅमचा रकाना. ‘सम’ लपलेल्या ओळीही बेरजेत धरतो आणि मग पावसाळी पोंचोचं वजन जानेवारीतही दिसत राहतं.

एका रात्रीच्या ट्रेकचा पाया साधारण असा होतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या काट्यावरचे वेगळे येतील:

– सॅक, 40 लिटर: 1,200
– सॅकच्या आत घालायची जाड प्लास्टिकची मोठी पिशवी: 60
– हेडलॅम्प सेलसकट: 90, जादा सेल तीन: 35
– एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या दोन: 60
– प्रथमोपचाराचा पाऊच: 220
– शिट्टी: 10
– घडीचा चाकू: 60
– पॉवरबँक 10,000 एमएएच आणि केबल: 240
– पंचा: 110
– पॉलिस्टरचा टीशर्ट: 130, मोजे एक जोड: 60, अंतर्वस्त्रं: 60
– ओळखपत्र आणि रोख, झिपच्या पिशवीत: 50
– ब्रश, पेस्ट, साबणाचा तुकडा: 90
– स्टीलचा मग, ताटली, चमचा: 150
– चार मिलिमीटरची दोरी, पाच मीटर: 50

बेरीज 2,675 ग्रॅम. थंडी आणि मुक्काम या जोडांत स्लीपिंग बॅग 1,300, कॅरीमॅट 350, फ्लीसचं जॅकेट 350, विंडचीटर 250, रात्री घालायची थर्मल विजार 160 आणि कानटोपी 60, म्हणजे 2,470. दोन्ही मिळून 5,145. त्यावर दोन लिटर पाणी आणि सातशे ग्रॅम खाणं चढवलं की पावणेआठ किलोच्या जरासं पुढे जातं. गटाच्या सामानातला वाटा धरून साडेआठच्या आत राहता येतं. पूर्ण भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावी, असा ढोबळ हिशेब धरतात. साठ किलोच्या माणसाला त्यात बारा किलो बसतात खरे, पण हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरच्या टोलार खिंडीतून वर चढताना बारा आणि साडेआठ यांतला फरक गुडघ्यांना चांगलाच कळतो.

अंगावरचे कपडे, बूट, टोपी यांना शून्य ग्रॅम लिहून यादीत ठेवा. बेरजेत ते नकोत, पण यादीत हवेत, कारण पहाटे पाचला अंधारात चपला घालून गाडीत बसलेला एकजण प्रत्येक गटात असतो.

वजन कमी करायचं तर ग्रॅमचा रकाना मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि पहिल्या पाच ओळींवरच डोकं चालवा. ब्रशचा दांडा कापून पाच ग्रॅम वाचवायचे आणि जीन्सची घडी सॅकमध्ये ठेवायची, हे हमखास होतं. जीन्सचा प्रयोग घरीच करून बघा: कोरडी असताना वजन करा, बादलीत बुडवा, हातात जोर असेल तितकी पिळा आणि पुन्हा काट्यावर ठेवा. वजन दीडपटीच्या पुढे जातं. तेवढं पाणी अंगावर वागवत भिजलेल्या पायांनी चालायचं, आणि रात्रभरात ती सुकतही नाही. नायलॉन किंवा पॉलिस्टरची विजार पिळून झटकली की अंगावर तासाभरात बरीचशी वाळते.

पावसाळ्याचा जोड जपून करा

सह्याद्रीत सगळ्यात जास्त चुका याच जोडात होतात, कारण सगळं लक्ष अंग कोरडं ठेवण्याकडे जातं. जून ते सप्टेंबर चालताना अंग भिजणारच; पावसाने नाही तर रेनकोटाच्या आतल्या घामाने. कोरडा ठेवायचा तो कपड्यांचा एक जोड. टीशर्ट, विजार, मोजे, अंतर्वस्त्रं असा पूर्ण जोड हवा काढून झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि मुक्कामाच्या जागी छपराखाली पोहोचेपर्यंत उघडायचा नाही. सकाळी पुन्हा निघताना तो काढून कालचे ओले कपडे चढवायचे. अंगावर काटा येतो, पण पंधरा मिनिटं चालल्यावर जाणवेनासं होतं. हे धैर्य नसलं की दोन्ही जोड भिजतात आणि दुसरी रात्र कुडकुडत जाते.

सॅकला बाहेरून रेनकव्हर घालून भागत नाही. पाणी पाठीच्या बाजूने, पट्ट्यांच्या शिवणीतून आत झिरपतं, आणि कव्हरच्या तळाशी साचलेलं पाणी सॅक शोषून घेते. शिवाय कारवीच्या झुडपांत कव्हर अडकून फाटतं. आतली मोठी पिशवी हाच खरा बंदोबस्त: सगळं सामान तिच्या आत, तोंड पीळ देऊन दुमडायचं आणि वर रबर. रेनकव्हर असेल तर वापरा, पण भरवसा पिशवीवर ठेवा.

पोंचो की रेनकोट? पठारावर आणि रुंद पायवाटेवर पोंचो बरा, कारण सॅकसुद्धा झाकली जाते आणि हवा खेळती राहते. कातळटप्पा किंवा लोखंडी शिडी असेल, जशी कळसूबाईला आहे, तिथे पोंचो वाऱ्याने फुगतो आणि पाय कुठे ठेवतोय तेच दिसत नाही. तिथे कमरेपर्यंतचा रेनकोट. यादीत दोन्ही लिहा आणि प्रत्येकासमोर ‘पठार’ किंवा ‘कातळ’ अशी नोंद करा, म्हणजे दर वेळी नव्याने विचार करायला नको. छत्री धारेवरच्या वाऱ्यात उलटी होते; पायथ्याच्या गावापर्यंतच तिचा उपयोग.

या जोडातलं बाकीचं असं: पोंचो 300, कोरड्या जोडातली विजार 250, रबरी चपला 300, फोनसाठी झिपच्या पिशव्या 10, ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी 20, आणि जुन्या वर्तमानपत्राची चार पानं, साधारण 80. बेरीज 960. वर्तमानपत्र बुटांत कोंबायला. रात्रीतून एकदा कागद बदलला तर सकाळी बूट निदान निथळत तरी नाहीत. काडेपेटी गोळ्यांच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, आणि पेटवायची पट्टी कापून त्याच बाटलीत टाका. ही पट्टी विसरते आणि मग नुसत्या काड्या काही कामाच्या नाहीत. आंबोली किंवा कोयनेकडच्या जंगलात जळवा असतात. तिकडे जाताना लांब मोजे जोडात घ्या, विजार मोज्यांत खोचा आणि दर थांब्याला पाय तपासा. चिकटलेली जळू ओढू नका, नखाने तिच्या तोंडाकडून सरकवत सोडवा.

उन्हाळ्याचा जोड त्या मानाने लहान, पण वजनाला भारी, कारण तो जवळजवळ सगळा पाणीच असतो. एप्रिल-मे महिन्यांत बऱ्याच गडांवरची टाकी आटतात किंवा पाणी तळाला जातं. चढाच्या प्रत्येक तासाला निदान अर्धा लिटर आणि वर एक लिटर राखीव धरा. सहा तासांच्या चालीला चार लिटर, म्हणजे चार किलो. हे पाणी यादीत वेगळ्या ओळीत ग्रॅमसकट लिहायचंच, नाहीतर बेरीज खोटी ठरते. टाक्यातलं पाणी घेणार असाल तर पंच्याच्या दुहेरी घडीतून गाळून मग क्लोरीनची गोळी टाका आणि पाकिटावर लिहिलेला वेळ, सहसा अर्धा तास, थांबा. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं.

हिमालयासाठी यातला पायाच तेवढा उपयोगी. चार थरांचे कपडे, अतिनील किरण अडवणारा गॉगल, उंचीची औषधं डॉक्टरांना विचारून, असा तो जोड पूर्ण वेगळा आहे. सह्याद्रीच्या थंडीच्या जोडात दोन वस्तू वाढवून तो होत नाही.

यादीचा क्रम सॅकप्रमाणे

बहुतेक छापील याद्या ‘कपडे, खाणं, औषधं, इतर’ अशा असतात. वाचायला त्या सुबक असतात, पण सॅक भरताना उपयोगाच्या नाहीत. तुमच्या यादीचा क्रम सॅकच्या तळापासून वर असा लावा. तळाला स्लीपिंग बॅग आणि कोरडा जोड. पाठीलगत मध्यावर जड वस्तू: शिधा, जादा पाणी, पातेलं. बाहेरच्या बाजूला हलके कपडे. सगळ्यात वर विंडचीटर किंवा पोंचो आणि खाऊ. झाकणाच्या कप्प्यात हेडलॅम्प, प्रथमोपचार, शिट्टी. बाजूला बाटल्या. कॅरीमॅट बाहेर आडवी बांधली तर झाडीत अडकते आणि अरुंद वाटेवर कड्याला घासून माणसाला बाहेर ढकलते. ती उभी बांधा, किंवा सॅकच्या आत गुंडाळी सोडून भिंतीसारखी लावा आणि बाकी सामान तिच्या पोकळीत भरा.

असा क्रम असला की यादी खाली वाचत जाणं म्हणजेच सॅक भरणं. खूण वस्तू सॅकमध्ये गेल्यावरच करायची. पलंगावर काढून ठेवली म्हणून खूण केलेली वस्तू पलंगावरच राहते. छापील प्रत पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने खुणा केल्या तर तेच पान वर्षानुवर्षं पुसून वापरता येतं.

विसरणाऱ्या वस्तू कुठल्या, याचं एक सूत्र आहे. स्लीपिंग बॅग कधी कुणी विसरत नाही, कारण ती ट्रेकशिवाय दुसऱ्या कशाला वापरत नाहीत. विसरते ती घरातही रोज लागणारी वस्तू: चार्जिंगची केबल, टूथपेस्ट, चष्मा, रोजची गोळी, टॉर्च. तिची घरात एक जागा असते आणि सॅकमध्ये दुसरी. अशा वस्तूंपुढे यादीत तारा काढा. ज्यांची दुसरी प्रत स्वस्तात येते, जसं केबल, ब्रश, साबण, त्यांची प्रत घेऊन ती कायमची पाऊचमध्ये ठेवून द्या आणि तारा पुसा. ज्यांची येत नाही त्यांची चिठ्ठी रात्री दाराच्या कडीला अडकवा.

‘आदल्या रात्रीची कामं’ ही वेगळी छोटी यादी असू द्या, कारण पॉवरबँक सॅकमध्ये असणं आणि ती चार्ज असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉवरबँक आणि फोन चार्ज. हेडलॅम्प पाच मिनिटं चालू ठेवून बघणं. मार्गाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवणं, कारण दरीत रेंज नसते. दहा, वीस, पन्नासच्या नोटा. रेंजविना क्यूआर कोड निरुपयोगी. घरच्यांना मार्ग आणि परतायची वेळ लिहून देणं. पायथ्याच्या गावातल्या ओळखीच्या घरी फोन.

हा फोन वजनाच्या हिशेबात मोठा आहे. पाचनई, खिरेश्वर अशा गावांतली माणसं जेवणाची सोय करतात. आधी कळवलं तर गरम पिठलं-भाकरी मिळते, गावात चार पैसे जातात आणि स्वयंपाकाचा अख्खा जोड यादीतून उडतो. अभयारण्याच्या हद्दीत चूल पेटवायला कायद्याने बंदी आहे, तोही प्रश्न सुटतो.

गटाचं सामान

पाचजणांच्या गटात पाच चाकू, पाच पॉवरबँक आणि काडेपेटी एकही नाही, असं होतं ते ‘कोणाकडे’ हा रकाना नसल्याने. पातेलं, बर्नर, गॅस, शिधा, दोरी, मोठं प्रथमोपचार, कचऱ्याची पिशवी: प्रत्येकासमोर एकच नाव. ‘कुणीतरी आणेल’ किंवा दोन नावं चालत नाहीत.

जिथे स्वयंपाक करायला परवानगी आहे आणि करायचाच आहे, तिथे खिचडीसाठी माणशी 80 ग्रॅम तांदूळ आणि 40 ग्रॅम मूगडाळ धरा. पाचजणांची 600 ग्रॅम होते, तिला पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी लागतं आणि पाच लिटरचं पातेलं हवं. तीन लिटरचं नेलं तर उतू जातं आणि बर्नर विझतो. तांदूळ-डाळ अर्धा तास भिजवली की गॅस वाचतो. पातेलं झाकणासकट 900, पळी 80, बर्नर 120, भरलेला 230 ग्रॅम गॅसचा डबा पत्र्यासकट साधारण 380, शिधा कांदे-बटाटे धरून 1,250: एकूण 2,730, माणशी साडेपाचशेच्या आत. नवा डबा आणला की त्याचं वजन करून मार्करने डब्यावरच लिहा. पुढच्या वेळी काट्यावर ठेवताच किती गॅस उरलाय ते कळतं. हलवून बघून कळत नाही.

वजाबाकीचा जोड

काही प्रवासांत यादीतून वस्तू काढाव्या लागतात. गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही आणि विमानात तर ना हातातल्या बॅगेत ना सामानात; तो मुक्कामाच्या ठिकाणी विकत घ्यायचा. चाकू आणि कात्री विमानात हातातल्या बॅगेतून बाद. पॉवरबँकेचं उलटं आहे: ती हातातल्या बॅगेतच लागते, चेक-इन सामानात टाकली तर बॅग उघडायला लावतात. मर्यादा 100 वॉट-अवरची. हिशेब सोपा आहे: एमएएचला 3.7 ने गुणा आणि हजाराने भागा. 10,000 चे 37 होतात, 20,000 चे 74. पॉवरबँकेवर छापलेला आकडा पुसट झाला असेल तर सुरक्षा तपासणीत अडचण येते, म्हणून तो वाचता येतो ना, हे आधी बघा. देशांतर्गत इकॉनॉमीत हातातली बॅग सहसा 7 किलोपर्यंत आणि तिन्ही बाजू मिळून 115 सेंमी असते. वरचा पाया आणि एक जोड त्यात आरामात बसतो, मात्र 40 लिटरची उंच सॅक ठासून भरली तर मापात बसत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रव पदार्थ 100 मिलीच्या बाटल्यांत, सगळे मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत.

यादीच्या शेवटी ‘न्यायचं नाही’ अशीही चार ओळी लिहा. अत्तर आणि डिओडरंट, कारण उग्र वासाने कड्यांवरची आग्यामोहोळं चवताळतात. काचेची बाटली. स्पीकर. आदल्या दिवशी विकत घेतलेले बूट.

परतल्याच्या रात्री

कपडे धुवायला टाकायच्या आधी निकालाचा रकाना भरा. वापरलं त्याला ‘व’, पडून राहिलं त्याला ‘प’, नव्हतं म्हणून अडलं त्याची नवी ओळ आणि ‘ह’, म्हणजे हवं होतं. सलग तीन ट्रेकना, तेही त्याच ऋतूत, ‘प’ मिळालेली वस्तू यादीतून जाते. एकाच ट्रेकवरून काढू नका. फेब्रुवारीत पडून राहिलेली कानटोपी डिसेंबरात लागते.

प्रथमोपचार, शिट्टी, जादा सेल, कोरडा जोड यांना मात्र आधीच ‘र’ लावून ठेवा, म्हणजे राखीव. त्या पडून राहिल्या तर ट्रेक चांगला झाला असं समजायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा घ्यायच्या. वजन कमी करायच्या भरात पहिली गदा याच वस्तूंवर येते, आणि ती चूक फार महागात पडते.

‘ह’ची वस्तूही लगेच ‘पाया’मध्ये घालू नका. सॅकमधलं दुसरं काही तिचं काम करतं का, ते आधी बघा. उशी हवी होती? फ्लीस जॅकेट स्लीपिंग बॅगेच्या कव्हरमध्ये भरलं की झाली उशी. चटई हवी होती? पोंचो अंथरा. दुसऱ्यांदाही तीच वस्तू अडली, किंवा एकदाच पण जिवावर बेतेल अशी अडली, तर ती यादीत येते. कुठल्या जोडात, तेही लगेच ठरवा; सगळं ‘पाया’मध्ये टाकत गेलं की दोन वर्षांत पाया चार किलोंवर जातो.

मग आवराआवर. हेडलॅम्पमधले सेल काढून ठेवा, महिनोन्‌महिने आत राहिले तर गळतात आणि स्प्रिंग गंजते. प्रथमोपचारातलं संपलेलं त्याच आठवड्यात भरा. स्लीपिंग बॅग उन्हात पसरून मग तिच्या आवळ कव्हरमध्ये न कोंबता जुन्या चादरीच्या सैल गाठोड्यात ठेवा. दाबून ठेवली की भरण बसतं आणि ऊब जाते. सॅक पूर्ण वाळल्यावर पाऊच पुन्हा आपापल्या कप्प्यांत घाला, यादीचं पान पुसा आणि झाकणाच्या कप्प्यात ठेवा.